मंगळवारच्या बाटल्या

आमच्या दैनिकाच्या तिसऱ्या पानावर मी एकदा चार ओळींची बातमी दिली. अमरावतीतील एका दवाखान्यात मनोरुग्णांवर सुरू असलेली नव्या औषधाची चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली आहे, एवढाच तिचा मजकूर होता. संपादकांनी विचारले, "कारण?" मी म्हणालो, "कळलेले नाही." ते खोटे होते. कारण मला नीट ठाऊक होते आणि त्याची सुरुवात माझ्या आईपासून झाली होती.

विदर्भ महाराष्ट्रात आला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी अमरावतीत उपसंपादक होतो आणि एका खोलीत राहत होतो. आई आणि थोरली बहीण अकोल्याला, जुन्या शहरात, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत. वडील शिक्षक होते. ते जाऊन सहा वर्षे झाली होती. बहीण मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिला आम्ही आक्का म्हणत असू.

आक्काचे दुखणे वर्गात सुरू झाले. फळ्यावर लिहिलेले आकडे आपण पाठ फिरवली की बदलतात, असे तिला वाटू लागले. ती लिहायची, पुसायची, पुन्हा तेच लिहायची. एका तासात तिने एकच उदाहरण अकरा वेळा लिहिले, हे मुलींनी मोजले होते. नंतर ती घरीही बसेना. सकाळपासून मागच्या दाराशी उभी राहायची. संध्याकाळपर्यंत पाय सुजत. बसले की जमिनीखालच्या लोकांना आपले विचार ऐकू जातात, असे ती आईला शांतपणे सांगे. आईने अंगारे केले, ताईत बांधला, एका वैद्याचे तेल महिनाभर डोक्यावर थापले. शाळेने बिनपगारी रजा दिली. जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा बाई बऱ्या असतील तर घेऊ, नाहीतर जागा भरू, असे शाळा समितीच्या चिटणिसांनी कळवले. चिटणीस वकील होते. पत्रात 'बऱ्या' या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली होती.

अमरावतीचे डॉक्टर मला बातमीच्या निमित्ताने माहीत झाले. मनोविकारांचे शिक्षण घेऊन आलेला, वऱ्हाडात दवाखाना चालवणारा असा दुसरा माणूस मला तेव्हा ठाऊक नव्हता. मुंबईच्या एका औषध कंपनीने त्यांच्याकडे नव्या गोळ्या पाठवल्या होत्या. गोळीला नाव नव्हते, कंपनीचा क्रमांक होता. संक्रांतीनंतर चाचणी सुरू करायची, ती सहा महिने चालायची, दर मंगळवारी रोग्याला तपासून आठवड्याची बाटली द्यायची, असे ठरले होते. मी आक्काचे नाव दिले.

पहिल्या मंगळवारी डॉक्टरांनी सगळ्यांना व्हरांड्यात बसवले. वीसेक रोगी आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसे. बहुतेक आयाच होत्या. डॉक्टर उभे राहून म्हणाले, "या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात. प्रत्येकाच्या बाटलीवर नंबर आहे. अर्ध्या नंबरांच्या बाटल्यांत औषध आहे. अर्ध्यांत औषध नाही, नुसत्या पिठाच्या गोळ्या आहेत. कोणत्या नंबरात काय आहे ते मलाही माहीत नाही. ते मुंबईला पाकिटात बंद आहे."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "मंग तुमी कायचे डाक्टर?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले.

"मला कळलं तर माझे डोळे फितूर होतील, बाबा. औषधवाला आहे म्हटलं की तो मला बराच दिसायला लागेल."

"अन् पिठवाल्याचं काय?" म्हातारा म्हणाला. "त्यानं सा महिने भाकरीच समजून खायची काय?"

डॉक्टरांनी पुन्हा समजावले. औषध लागू पडते की नाही हे ठरायचे तर असेच करावे लागते; ठरले की मग सगळ्यांना मिळेल. लोकांनी माना हलवल्या. पटले म्हणून नव्हे, मंगळवार चुकायला नको म्हणून.

आक्काच्या बाटलीचा नंबर एकोणीस होता. सकाळी एक, संध्याकाळी एक, आठवड्याच्या चौदा गोळ्या. आईच्या शेजारी बार्शीटाकळीची एक बाई बसली होती. तिच्या मुलाचा नंबर सात. मुलगा बावीस वर्षांचा. छप्पन साली दीक्षा घेतलेले ते कुटुंब; बाई दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जायची. मुलगा त्यांच्या वस्तीतला पहिला मॅट्रिक झालेला. निकाल लागल्यावर काही महिन्यांत तो भिंतीकडे तोंड करून बसला तो दोन वर्षे तसाच होता.

दोघींना परतताना एकाच गाडीने जावे लागे. अमरावतीहून बडनेरा, तिथे अकोल्याच्या पॅसेंजरची वाट पाहायची; पुढे ती बाई अकोल्याहून बसने बार्शीटाकळीला जायची. बडनेऱ्याच्या फलाटावर पहिल्याच मंगळवारी जे झाले ते आईने मला पाचव्या मंगळवारी सांगितले, तेही आक्का बरी दिसू लागली म्हणून खुशीत.

ती बाई म्हणाली होती, "मास्तरीनबाई, तुमची बाटली खरी का माही खरी?"

"मले काय ठाऊक? डॉक्टरलेच ठाऊक नाही."

"मंग आयका. दोन पोत्यांतलं बियानं हाये. कोनतं उगवंल थे मालूम नाई. तवा आमी काय करतो? दोनी मिसळतो अन् पेरतो. पीक पातळ येते, पन अख्खं वावर खाली राहत नाई. उघडा थे बाटली."

आईने बाटली उघडली. दोघींनी सात-सात गोळ्यांची अदलाबदल केली. गोळ्या दिसायला सारख्या, चवीला सारख्याच कडू. बाईने एक चाटून पाहिली होती. सकाळची गोळी आपल्या बाटलीतली, संध्याकाळची दुसऱ्या बाटलीतली, असे त्यांनी ठरवले आणि शेवटपर्यंत पाळले. त्या बाईच्या हातचे पाणी माझ्या आईने घेतले नसते. गोळ्या घेतल्या.

मी विचारले, "हे बाकीच्यांना माहीत आहे?"

"माहीत म्हंजे? सारेच करून राहिले आता. काही जणी तर चार-चार बाटल्या एका पदरात ओततात अन् मुठीनं वाटतात. आमचं तसं नाही. आमचं मोजून."

मी वर्तमानपत्रात कामाला होतो. चाचणी म्हणजे काय हे मला त्या व्हरांड्यातल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होते. हे डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. आक्का त्या आठवड्यात दोन वेळा बसून जेवली होती.

पुढचे मंगळवार मी मोजत होतो. सहाव्याला तिने स्वतः वेणी घातली. आठव्याला व्हरांड्यात ती बाकावर तासभर बसून राहिली आणि तिने सात नंबरच्या मुलाला विचारले, "मॅट्रिकला गणितात किती होते?" तो म्हणाला, "बासष्ट." दोन वर्षांत तो घराबाहेरच्या माणसाशी बोललेला तो पहिला शब्द, असे त्याची आई म्हणाली आणि मग दिवसभर भेटेल त्याला "बासष्ट" सांगत राहिली. दहाव्या मंगळवारी आक्काने माझ्या हातातला अंक घेतला, बाजारभावाचे पान उघडले आणि म्हणाली, "कापसाच्या आवकीची बेरीज चुकली आहे." चुकली होती. मुद्रिते मीच तपासली होती.

बाराव्या मंगळवारी डॉक्टरांनी मला आत बोलावले. टेबलावर मुंबईचे पत्र होते.

"कंपनीनं अर्ध्या मुदतीचे तक्ते मागवले होते," ते म्हणाले. "त्यांनी पाकिटं उघडून ताडून पाहिलं. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा. औषधवाले सुधारले, पिठवालेही तेवढेच सुधारले. म्हणजे औषधात गुण नाही, बंद करा, असं त्यांचं म्हणणं."

"तुमचं काय म्हणणं?"

"मी तर डोळ्यांनी बघतोय. पिठानं माणूस दोन वर्षांनी भिंतीकडून तोंड फिरवत नाही. पण आकडे आकडे आहेत. तुम्ही रोज आकड्यांत असता, तुम्हाला काय वाटतं?"

आता गप्प राहिलो तर औषध निरुपयोगी ठरून गोळ्या बंद होणार होत्या. बोललो तर चाचणी बाद होऊन गोळ्या बंद होणार होत्या. मी बडनेऱ्याचा फलाट सांगितला. पदर, मुठी, सात-सात, सगळे सांगितले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "किती जण?"

"बहुतेक सगळे असावेत."

"तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"पाचव्या मंगळवारपासून."

"आज बारावा." त्यांनी मुंबईचे पत्र घडी घालून बाजूला सारले. "बातमीदार ना तुम्ही?"

त्यांनी उठून व्हरांड्याचे दार उघडले आणि मोठ्याने विचारले, "गोळ्या कोणी कोणी वाटून घेतल्या?"

कोणी हात वर केला नाही. डॉक्टर म्हणाले, "रागावणार नाही. मला फक्त लिहून घ्यायचंय." तेव्हा हात वर आले. एकामागून एक करत सगळेच आले. पहिल्या दिवशी बोललेल्या म्हाताऱ्याने दोन्ही वर केले. डॉक्टर वही घेऊन बाकाबाकाशी गेले. कोणत्या नंबरने कोणत्या नंबरशी, केव्हापासून, किती. दीड तास लिहून त्यांनी वही मिटली. जोड्या दर आठवड्याला बदलल्या होत्या. जी शेजारी बसली तिच्याशी वाटणी. हिशेब लागत होता तो फक्त सात आणि एकोणीसचा.

"काहून वाटल्या, बाई?" डॉक्टरांनी सात नंबरच्या आईला विचारले. पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून वऱ्हाडी 'काहून' ऐकला.

"तुमीच तं म्हनलं, आर्ध्यात हाये, आर्ध्यात नाई," ती म्हणाली. "एकाचं लेकरू बरं व्हावं अन् बाजूच्याचं पाहत राहावं, असं कसं चालंल? आमी काय चोरी केली काय?"

"नाही. चोरी नाही केली."

"मंग गोळ्या बंद कायले करता?"

डॉक्टरांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. ते उत्तर मी टिपून घेतले नाही.

डॉक्टरांनी वाटणीचे सगळे मुंबईला कळवले. चौदाव्या मंगळवारी कंपनीचा निरोप आला. चाचणी रद्द. दवाखान्याच्या कपाटात प्रत्येकाच्या आणखी बारा बाटल्या होत्या. ज्या नंबरांत औषध होते त्यांनी त्या संपेपर्यंत घ्याव्यात. पिठाच्या परत पाठवाव्यात. एप्रिलचा उन्हाळा होता. व्हरांड्याला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारले होते. डॉक्टरांनी उभ्यानेच औषधाचे नंबर वाचले. तीन, चार, सात, दहा. आई ओठ हलवत ऐकत होती. सतरा झाला, वीस झाला. एकोणीस आला नाही.

म्हणजे आक्का बसली, जेवली, तिने बेरीज पकडली ती सात नंबरच्या अर्ध्या गोळ्यांवर.

त्या दिवशी बडनेऱ्याला आई त्या बाईपासून दूर, फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मी पोचवायला गेलो होतो. मी विचारले, "इकडे का बसलीस?" आई म्हणाली, "तिले वाटंल मी मागून राहिली."

डॉक्टरांनी आक्काला बाजारात मिळणारी जुनी गोळी लिहून दिली होती. ती घेतली की आक्काचे हात थरथरत आणि ती दुपारभर झोपे. शाळा उघडायला दोन महिने उरले होते. शाळा समितीचे दुसरे पत्र आले. बाई बऱ्या असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा आणि त्यात 'वेडावरील कोणतेही औषध चालू नाही' असे स्पष्ट लिहिलेले हवे. औषध चालू आहे ती बाई बरी कशी, असा त्यांचा प्रश्न होता.

बुधवार माझ्या सुटीचा वार. पुढच्या बुधवारी मी अकोल्याला घरी होतो. सकाळच्या बसने ती बार्शीटाकळीची बाई आली. दारातून आत न येता तिने पिशवीतून सहा बाटल्या काढल्या आणि उंबऱ्यावर ओळीने मांडल्या.

आई म्हणाली, "हे तुह्या पोराचं हाय."

"चौदा मंगळवार माह्या पोराचंच खाल्लं तुमच्या पोरीनं. तवा मालूम नव्हतं म्हून गोड लागलं काय?"

"त्याले कमी पडंल ना वं."

"आर्ध्यावर उठून बसला थो. सकाळी विहिरीवर जाऊन आंघोळ करून राहिला. पुऱ्यावर काय उडनार हाये?"

आक्का आतून बाहेर आली. ती उंबऱ्याशी बसली आणि तिने बाटल्यांकडे पाहून मनात काही केले. "दोघांनाही रोज एकच खरी गोळी मिळत होती," ती म्हणाली. "दोघंही एकीवर बरे झालो. सहा बाटल्या म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. जुलैच्या शेवटपर्यंत जातील. त्यालाही तेवढ्याच जातील. काकू बरोबर म्हणताहेत."

चाचणीतून काही सिद्ध झाले असेल तर एवढेच, आणि ते कुठे छापून आले नाही. ती गोळी पुढे बाजारात आली नाही. इतर गावी तिचे काय झाले हे मला माहीत नाही; आमच्या गावी काय झाले ते सांगितले.

आईने बाईला ओसरीवर बसवले आणि चहा केला. चहा तिने कान तुटलेल्या कपात दिला. तो कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. बाईने कप ओळखला. चहा प्यायली, कप स्वतः विसळला, पालथा ठेवला आणि उठली. मी समोर होतो आणि काही बोललो नाही.

दाखल्यासाठी मी डॉक्टरांकडे गेलो. चिटणिसांचे पत्र त्यांनी दोनदा वाचले. मग चाचणीचे बाड काढून एकोणीस नंबरचा तक्ता समोर ठेवला.

"ती आता काय घेतेय, ते मी विचारत नाही," ते म्हणाले. "तुम्ही सांगू नका. सांगण्याच्या बाबतीत तुमची वेळ नेहमीच चुकते."

त्यांनी लिहिले : चाचणीच्या नोंदीनुसार यांना कोणतेही औषध दिले गेलेले नाही. तपासणीत यांचे बोलणे, वागणे व विचार सर्वसाधारण आढळले. अध्यापनास हरकत नाही.

"यात एक अक्षर खोटं नाही," सही करताना ते म्हणाले. "नोंदीप्रमाणे ही बाई पीठ खाऊन बरी झाली."

चिटणिसांना दाखला पसंत पडला. औषधाशिवाय बरे झाले म्हणजे ते वेड नव्हतेच, असे ते समितीत म्हणाल्याचे कळले. जूनच्या अखेरीस शाळा उघडली आणि आक्का पाचवीच्या वर्गावर गेली. जुलैअखेर बाटल्या संपल्या. मग जुनी गोळी सुरू झाली. हात थरथरू लागले तेव्हा ती मुलींना फळ्याशी बोलावून उदाहरणे लिहायला लावी आणि स्वतः खाली उभी राहून सांगे. तपासनीसांनी शेऱ्यात या पद्धतीची शिफारस केली. थरथर कशाची, हे शाळेत कोणी विचारले नाही. औषध नाही असा दाखला फाइलला होता.

त्याच पावसाळ्यात सात नंबरच्या मुलाला सरकारी कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी बोलावणे आले. त्याच्या आजाराचे गावातल्या कोणीतरी कचेरीला कळवले असावे. त्याच्याकडेही दाखला मागितला. त्याची आई अकोल्याला येऊन मला म्हणाली, "दादा, तुमच्या बाईले देल्ला तसाच मले पायजे. तेच कागद."

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सात नंबरचा तक्ता काढला. वरच्या कोपऱ्यात मुंबईहून आलेली खूण होती : औषध.

"याचं मी काय लिहू?" ते म्हणाले. "औषध दिलं, गुण आला, औषध संपलं. एवढंच आहे."

"बरा आहे एवढंच लिहा."

"ते लिहितोच. पण कशानं, हे विचारतील. मी खोटं लिहिणार नाही. तिच्या वेळी मला लिहावं लागलं नाही."

त्यांनी होते तसे लिहून दिले. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

हे सांगायला मी बार्शीटाकळीला गेलो नाही, आई गेली. एकटी, बसने, आयुष्यात पहिल्यांदा त्या गावी. तिथे काय बोलणे झाले ते तिने मला सांगितले. ती बाई म्हणाली होती, "तुमची बाटली खाली, म्हून पोरगी नोकरीवर गेली. माही भरेल होती, तं पोरगा घरी. उलटंच झालं वं मास्तरीनबाई." आणि हसली होती. आईला हसता आले नाही. निघताना तिने बाईकडे पाणी मागितले आणि ते प्याली. हे तिने मला दोनदा सांगितले. मला ते पुरेसे वाटले नाही. तिलाही वाटले नसावे.

मुलगा पुढे कापसाच्या हंगामात अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात गाठींवर नंबर घालायच्या कामाला लागला. जुनी गोळी तो कधी घेई, कधी टाकून देई. टाकली की एक-दोन महिने कामावर जात नसे. मग पुन्हा जाई. तिथे कोणी दाखला मागत नव्हते.